सिरिलचे सूर्यफूल आणि माझे कारळे

मी, हिल्डा रोझमंड अ‍ॅपलगार्थ, वय एक्याऐंशी, विधवा, राहणार चार नंबर, मिल लेन, थॉर्नबेक, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र चष्मा लावून, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. यापूर्वीची तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात लिहिली होती.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझा भाचा डेरिक याला द्यावी. पोरगा गुणी आहे, पण पक्ष्यांच्या वाटेला त्याने जायचे नाही. गेल्या हिवाळ्यात खुब्याच्या ऑपरेशनसाठी मी इस्पितळात होते, तेव्हा गोल्डफिंचना कारळे घालायचे काम त्याच्याकडे सोपवले होते. या शहाण्याने कारळे शेंगदाण्यांसाठी टांगलेल्या मोठ्या भोकांच्या जाळीत ओतले. पाव तासात सगळे खाली हिरवळीवर. वर मला फोन, "मावशी, काय भुकेले आहेत गं तुझे पक्षी! अख्खा डबा फस्त!" कारळ्यांना बारीक फटींची नळी लागते, हे मी त्याला चौदा वेळा सांगितले होते. ते कारळे कबुतरांनी खाल्ले. दोन दिवस त्यांना धड उडता येत नव्हते म्हणे.

२. माझा नवरा नॉर्मन याची हत्यारे चर्चच्या सेलला द्यावीत. करवत सापडणार नाही. ती शेजारच्या सिरिल ओल्डरॉइडने अठ्ठ्याण्णव साली नेली आहे.

३. आता याच सिरिलविषयी. गोल्डफिंच पहिल्यांदा माझ्या बागेत आले, माझ्या कारळ्यांवर आले, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. सहा वर्षे ते माझ्याकडे जेवले. मग या गृहस्थाने कुंपणापलीकडे सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया टांगल्या आणि ते लाल तोंडाचे बेइमान एका सकाळी उठून तिकडे गेले. तर हा कुंपणावरून ओरडतो, "बाई, तुमचे पाहुणे आमच्याकडे जेवताहेत हो!"

जानेवारीतल्या पक्षीमोजणीत तर त्याने कहर केला. तासाभरात एकाच वेळी जास्तीत जास्त जेवढे दिसतील तेवढेच लिहायचे, असा नियम आहे. सिरिलने एकतीस लिहिले. एकच पक्षी उडून परत आला की हा पुन्हा मोजायचा! मी समितीला पत्र लिहिले. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही फक्त हवामानावर बोलतो.

४. तरीही मला लिहिणे भाग आहे. इस्पितळातून आले तेव्हा माझी नळी स्वच्छ होती आणि तिच्यात ताजे कारळे होते. ओले कारळे कुजतात, शिळे फिंच तोंडात घेत नाहीत. रोज बघावे लागते. दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिले तर सपाता घालून सिरिल माझी नळी आपल्या स्वेटरला पुसत होता. मी खिडकी उघडली.

"काय चाललंय?"

"मांजर हाकलत होतो."

त्याच्या हातात कारळ्यांची पिशवी होती.

सबब माझी नळी, कारळ्यांचा डबा आणि फिंचना रोज खाऊ घालण्याचा हक्क मी सिरिल ओल्डरॉइडला देते. तो नाही म्हणेल, याची मला फार भीती वाटते. माझ्यामागे ती नळी रिकामी लोंबकळत राहील, या विचाराने मला झोप लागत नाही. तोंडाने विचारायची हिंमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सही: हिल्डा रो. अ‍ॅपलगार्थ

साक्षीदार:

१. जॅनिस पिकल्स, टपालवाली.

२. ~~सिरिल ओल्डरॉइड~~

(खाडाखोडीचा खुलासा: सिरिलला फक्त सहीपुरते बोलावले होते. नाव लिहून झाल्यावर त्याने, मी नको म्हणत असताना, चौथे कलम वाचले. जॅनिस म्हणाली, "सिरिलकाका, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही हं. कायदाच आहे तसा." सिरिलने आपले नाव खोडले, पेनाला टोपण लावले आणि म्हणाला, "मग मी नाही सही करणार, बाई. दुसरं कोणी बघा.")

२. ट्रेव्हर हेग, कचरागाडीवाला. आज गुरुवार म्हणून सापडला.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, थॉर्नबेक
दिनांक: १३ नोव्हेंबर २०१४