घरच्यादारच्याची

प्रिय सखूमावशी,

काल माझ्या तोंडून आत्या बोलली. त्या लाजेनं आज तुला लिहायला बसले आहे.

माझ्या नातीला लता सांभाळते. नात दुपारपासून किरकिरत होती, म्हणून लता मीठमोहरी घेऊन तिची दृष्ट काढत होती. ‘आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची...’ मी तिला मध्येच अडवलं. “घरच्याची म्हणजे कुणाची गं? माझी?” तिनं मूठ स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रिकामी केली आणि पिशवी उचलून निघून गेली.

तुला आठवतंय? चाकणचं घर, साल पंचावन्न-छप्पन असेल. आई गेल्यावर आत्यानं मला आणलं. तिला मूलबाळ नव्हतं. ती मला शेजारीसुद्धा खेळायला सोडायची नाही. तू महाळुंग्याहून कामाला यायचीस आणि चुलीपाशी मला मांडीवर घ्यायचीस. तू घातलेली वेणी आत्या सोडायची आणि पुन्हा स्वतः घालायची. किती ओढायची गं!

मग मला ताप आला आणि तू दृष्ट काढलीस. आत्या दारात उभी होती.

“घरच्याची म्हणजे? घरात मी एकटीच आहे.”

“वैनी, आमी समदे असंच म्हनतो. नाव न्हाई घेतलं कुनाचं.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

तरी तू मोहरी चुलीत टाकलीस. दिष्ट अर्धी सोडू न्हाई, म्हणालीस आणि गेलीस. पुन्हा एकदाही का आली नाहीस? बाजाराच्या दिवशी आमच्या दारावरूनच जात असशील ना? मी ओट्यावर बसून असायचे. तुझा राग आत्यावर होता, मग मला का सोडलंस? तू वारल्याचं कळलं तेव्हा मी लग्न होऊन चिंचवडला आले होते.

आत्याला मी जन्मभर नावं ठेवली. आणि खरं सांगू? काल नात लताच्या कडेवरून माझ्याकडे यायला तयार नव्हती. ते मला सहन झालं नाही. दृष्टीचं नुसतं निमित्त झालं. सत्तरी उलटून गेली आणि मी एका बाईवर जळले. रात्री पोर ‘लतामावशी’ करत झोपली. मला तिच्याकडे बघवेना.

ओट्यावरची मीठमोहरी मी तशीच ठेवली आहे. उद्या सकाळी चऱ्होलीला लताच्या दारात जाईन, तिची माफी मागेन. आली, तर अर्धी राहिलेली दृष्ट तिच्याच हातून पुरी करून घेईन. आणि ‘घरच्याची’ म्हणशील तिथं माझं नाव घे, असं तिला सांगेन.

तुझीच,
छबू