सहा विसा आणि सात

रविवार, १० फेब्रुवारी २०१३

पायाच्या आत अक्षरं सापडली! शहागंजच्या वर्कशॉपमधला बाबांचा लेथ, लोखंड कातायचं यंत्र, जन्मापासून बघतेय, पण तो कुठला, कुणी बनवला, कुणालाच माहीत नाही. पाटी कधीच गेलेली. आज रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन त्याच्याखाली आडवी झाले. काजळीखाली ओतीव अक्षरं. पहिली झिजलीत, शेवटची तीन वाचता आली — एफ, ए, एक्स.

मंदारला पुण्याला फोन केला. "ताई, फॅक्स मशीन आहे का ते?" धाकटा भाऊ म्हणून सोडला.

शटरवर रस्ता रुंदीकरणाची लाल फुली आहे. मेमध्ये पाडणार. त्याआधी लेथ नीट करून तंत्रनिकेतनाला द्यायचा, असं बाबांनी ठरवलंय. बाबा एक्क्याऐंशीचे. गुडघे वाकत नाहीत, जिना उतरत नाहीत. म्हणून मी — कॉलेजात गणित शिकवणारी बाई!

बुधवार, १३ फेब्रुवारी

हॅलिफॅक्स! इंग्लंडमधलं गाव. लेथ बनवणारे बरेच कारखाने होते तिथं. लेथच्या लांब स्क्रूवर पट्टी धरून मोजलं — इंचात चार आटे. म्हणजे इंचाच्या मापाचा. जुळलं. इतकं पटकन जुळलं की शंकाच येते. माझा स्वभाव!

रविवार, १७ फेब्रुवारी

बाबांनी सकाळपासून दोनदा सांगितलं, "खाटेखालची पेटी आजच बघ." उघडली. लेथची बदलायची दातेरी चाकं. घट्ट झालेलं ग्रीस, फडकी, कोळिष्टकं. सगळ्यात वर एक मोठं चाक, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. कागद तेलानं पिवळा, वर "भीषण पाणीटंचाई" — बहात्तरचा असणार. वर्कशॉपमध्ये नेऊन रॉकेलच्या डब्याखाली अंथरला.

पण चाक! हेच ते. बहात्तरच्या दुष्काळात नव्या हातपंपांचं काम आलं. आटे मिलिमीटरचे, लेथ इंचाचा. पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर, म्हणून तितक्या दात्यांचं चाक हवं. तयार कुठंच मिळेना. आणि एकशे सत्तावीसला कशानंच भाग जात नाही — वर्तुळ अर्धं करा, पाव करा, काही उपयोग नाही. बाबांनी ते हातानं कापलं. जिल्हा प्रदर्शनात त्यासाठी मिळालेली ढाल अजून भिंतीवर आहे. आमच्या घरात देवानंतर ती.

दाते मोजले. एकशे सत्तावीस. पुन्हा मोजले.

सोमवार, २५ फेब्रुवारी

नळाला पाणी नाही, पाचवा दिवस. हात रॉकेलनंच पुसले.

रविवार, १७ मार्च

चाक घासताना छिन्नीच्या बारीक खुणा दिसल्या. विसाव्या दात्यावर एक, चाळिसाव्यावर एक... अशा सहा. शेवटचे सात दाते मोकळे.

बाबांना विचारलं, विसावर का? "असेल काही," म्हणाले आणि पेपर तोंडापुढं धरला.

बाबा तर जिन्याच्या पायऱ्यासुद्धा दहा-दहानं मोजायचे.

बुधवार, १० एप्रिल

भागूबाई — आमच्याकडं वर्षानुवर्षं कामाला आहेत — गच्चीवर पापड घालत होत्या. किती झाले, विचारलं.

"तीन विसा आन् पाच, ताई."

म्हटलं, एकशे सत्तावीस कसे सांगाल?

"सहा विसा आन् सात. एवढी शिकलीस, अन् मला विचारतीस व्हय!"

वर्कशॉपमध्ये असं मोजणारा एकच माणूस होता. कडुबा. गंगापूरकडचे, शाळेत न गेलेले, बाबांचे पहिले कारागीर. मला खिळे मोजायला बसवायचे — "एक वीस झाले, आता दुसरा वीस!" मी तेव्हा सहा-सात वर्षांची. मग एक दिवस ते आलेच नाहीत. "शेतीची ओढ," बाबा म्हणायचे.

गुरुवार, ११ एप्रिल

मंदारला फोनवर कडुबांबद्दलचा संशय सांगितला. म्हणाला, "ताई, पितळी पाटी तयार झालीय. बाबांचं वय बघ. आता कशाला?"

पाटीचा मजकूर माझाच: "हे चाक वैजनाथरावांनी स्वहस्ते घडवले." ती तंत्रनिकेतनात लागणार, पोरं वाचणार. वर्गात मी रोज म्हणते, सिद्ध करा.

पण मी खरं शोधतेय, की बाबांना पकडतेय? शोध लागल्याचा आनंद झाला, हे खोटं कसं म्हणू!

रविवार, २१ एप्रिल

जीपनं गंगापूर, तिथून पुढं कडुबांचं गाव. रस्त्याच्या कडेला ड्रमांची रांग, त्यातल्या एका ड्रमावर कडुबा.

"वैजनाथरावांची पद्मी ना तू? केस पिकले की गं!"

चाक त्यांच्या हातात दिलं. अंगठा दात्यांवरून फिरत गेला. खुणेवर थांबला, पुढं सरकला.

"कसं केलंत?"

"बैलगाडीच्या चाकावर. लोखंडी धावेवर कंपास चालवायचा, कमी-जास्त करत, सहा विसा आन् सात पावलं बरोबर बसंस्तोवर. तीन दिस गेले. मंग दोन्ही चाकं एका आसावर बशिवली, एका खुणंला एक दाता कापला. मोठ्या चाकावर बोटभर चुकलं तर ल्हानावर केसभर चुकतंय."

गणिताच्या बाईनं हे वहीत उतरवून घेतलं.

"आणि बाबांनी?"

"किती दाते लागतात ते त्यांनी काढलं. मला काय ठावं इंच अन् मिलिमीटर! डोस्कं त्यांचं. हात माझा."

"मग सोडून का गेलात?"

"पर्दर्शनाला मला नेलं नाय. रोज ती ढाल बघत काम करायचं व्हय?"

टँकर आला. पाइप घेऊन उठले. चार पावलांवरून ओरडून विचारलं — "आवाज कसाय गं मशीनचा?"

सोमवार, २२ एप्रिल

बाबांना सांगितलं, कडुबांकडं जाऊन आले.

त्यांनी पेपर घडी घालून ठेवला. मग — "त्याच्या गावाला पाणी आहे का?"

"टँकर येतो."

"पाटी तू लिही."

एवढंच! ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही. चाळीस वर्षं, आणि तोंडातून एक शब्द नाही. मी शोधून काढलं नसतं तर?

रविवार, ५ मे

तंत्रनिकेतनात नवी पाटी लागली. "गणित — वैजनाथ. हात — कडुबा." लेथ कडुबांनीच सुरू केला. आणि कान लावून उभे राहिले. "बरा हाय," म्हणाले. डोळे पुसले नाहीत, हात पुसले.

बाबा आले नाहीत.

"वैजनाथराव नाय आले?"

"गुडघे."

"व्हय. गुडघेच असतील."

मला लाज वाटली. घरी आल्यावर बाबांशी बोलले नाही.

सोमवार, ६ मे

वर्कशॉप रिकामं केलं. शेवटी रॉकेलचा डबा उचलला, खाली तो कागद. बातमी जायकवाडीच्या साठ्याची. बहात्तरला धरण पुरं तरी कुठं झालं होतं! तारीख बघितली. ९ फेब्रुवारी २०१३ — मी पेटी उघडायच्या आठ दिवस आधीची.

चाक मला दिसेल असं सगळ्यात वर ठेवायला, ज्यांचे गुडघे वाकत नाहीत, त्यांनी खाटेखालून ती पेटी ओढली होती.