क्षिप्राने माझ्या खुर्चीत बसू नये

मी, सौ. चारुलता सुभाष हिवाळे, माहेरची चारुलता पाटोळे, वय ४८, धर्म ख्रिस्ती, व्यवसाय शिक्षिका, राहणार नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. शरीराचे तसे म्हणता येत नाही. औषधांमुळे दुपारनंतर ग्लानी येते, म्हणून सर्व कलमे सकाळच्या प्रार्थनेनंतर, पूर्ण जागेपणी लिहिली आहेत. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीला पाडलेले नाही. उलट हे कागद होऊच नयेत असे ज्यांना वाटत होते, ते माझे पती या क्षणी आत चहा करत आहेत. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या पश्चात माझे पती सुभाष, मोठी मुलगी क्षिप्रा (वय २०), मुलगा स्वानंद (वय १५) आणि धाकटी मुलगी दीना (वय ९) हे वारस आहेत. माझे धाकटे बंधू हरेश पाटोळे, राहणार करंजाडे, यांना मी या मृत्युपत्राचे निष्पादक नेमते. हरेश कमी बोलतो आणि सांगितलेले काम करतो. आमच्या नात्यात असा तो एकटाच आहे.

२. आम्ही राहतो तो फ्लॅट माझ्या नावावर आहे. तो माझ्या वडिलांनी नगरची जागा विकून मला घेऊन दिला. हा फ्लॅट मी तिन्ही मुलांना सारख्या हिश्श्याने देते. सुभाष यांना हयातभर तेथे राहण्याचा पूर्ण हक्क राहील. हा हक्क क्षिप्राच्या शिक्षणाच्या अटीला बांधावा असे रागाच्या दिवसांत माझ्या मनात होते. वकिलांनी तसा मसुदाही केला होता. मी तो फाडून टाकला. ज्या माणसाने वीस-बावीस वर्षे तुर्भ्याच्या केमिकल कंपनीत पाळ्या करून हे घर चालवले, त्याला त्याच घरात अटीवर ठेवणे मला जमले नाही.

३. माझी बँकेतील ठेव व पोस्टातील बचत प्रथम क्षिप्राच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी खर्च व्हावी. उरेल ते स्वानंद व दीना यांच्या शिक्षणासाठी ठेवावे. ही रक्कम लग्न, गाडी, घराचे रंगकाम किंवा माझ्या कबरीवरील संगमरवर यांसाठी वापरू नये. माझ्या कबरीवर साधा क्रूस व नाव पुरे.

४. मुले शाळेत का गेली नाहीत, हे इथे एकदाच लिहून ठेवते, म्हणजे माझ्या मागे निरनिराळ्या कथा तयार होणार नाहीत.

क्षिप्रा दुसरीत होती. बोलताना अडखळायची. वर्गात कविता म्हणताना एका शब्दावर अडली की बाई तिला तो शब्द येईपर्यंत उभी ठेवत आणि मुले हसत. मी त्याच शाळेत वरच्या वर्गांना शिकवत होते. एक दिवस वर्गावरून जाताना मी तिला तशी उभी पाहिली. त्याच दुपारी राजीनामा दिला आणि तिला हाताला धरून घरी आणले. सुभाष म्हणाले, "एवढं कशाला? दुसरी शाळा बघू." मग त्यांनी संध्याकाळी तिला हळूच विचारले, "उद्या कुठं जायचं, बाळा?" ती म्हणाली, "मम्मीच्या शाळेत." या दोन शब्दांत ती कुठेही अडखळली नाही. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या शाळेचे नाव काढले नाही.

स्वानंद आणि दीना मग सुरुवातीपासून घरीच शिकले. सकाळी प्रार्थना, बायबलचा एक अध्याय, मग जेवणाच्या टेबलावर शाळा. सुभाष रात्रपाळी करून आत झोपलेले असत, म्हणून आमच्या घरी पाढे कुजबुजत म्हटले जात. डिसेंबर लागला की सगळेच एकत्र येई. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आणून मुले चांदणी करत, त्यात स्वानंद कोन शिकला. नानकटाईचे पीठ मळताना दीना अपूर्णांक शिकली आणि ट्रे बेकरीत भाजायला नेताना अनोळखी माणसांशी बोलायला. नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या चार रविवारी चार मेणबत्त्या, देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, नाटकाच्या तालमी, करंज्या-चकल्या, शेजारी पाठवायची ताटे. खाली स्टेशनरीचे दुकान चालवणारे कल्पेश म्हात्रे मला नेहमी विचारत, "वहिनी, तुमच्या पोरांना सुट्टी कदी हाय वो? बगावं तवा शाला चालूच!"

क्षिप्रा त्या टेबलावर बोलायला शिकली. बारावी मुक्त विद्यालयातून दिली आणि मिरजेला नर्सिंगला गेली. आता ती वॉर्डात रुग्णांशी बोलते. मला आणखी काही नको होते.

५. माझी करंजी कातायची पितळी कातण माझ्या नणंद श्रीमती सुनयना यांना द्यावी. माझ्या करंज्यांच्या कडा त्यांना कधीही पसंत पडल्या नाहीत. नाताळच्या जेवणाला येऊन सर्व पाहुण्यांसमोर त्या दर वर्षी माझ्या मुलांची परीक्षा घेत. आसामची राजधानी कोणती, बारा पंधरे किती. मुलांना यायचे. तरी त्या म्हणत, "येतंय खरं, पण पोरं कोंडून ठेवलीत गं चारू." हे मी आजवर गिळले. याबद्दल माझे काही म्हणणे नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल आणि खोटा मजकूर असलेला दस्त टिकत नाही असे ऐकते.

६. बाजाची पेटी स्वानंदला. शिवणयंत्र दीनाला, तिचे पाय पेडलला पुरतील तेव्हा. माझे मराठी बायबल सुभाष यांना. माझ्या साड्या चर्चच्या मंडळीतील ज्या स्त्रियांना हव्या असतील त्यांनी घ्याव्यात. फक्त निळी इरकल क्षिप्राची.

७. आता ज्या कारणासाठी मी हे मृत्युपत्र घाईने करत आहे ते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पोटातला आजार उघड झाला. मुलांना आम्ही एकत्र बसवून सांगितले. दीनाने विचारले, "मग शाळा कोण घेणार?" नोव्हेंबरमध्ये क्षिप्रा मिरजेहून घरी आली. "सुट्टी आहे," म्हणाली. मी उपचारांनी इतकी थकले होते की सुट्टी एवढी लांबली कशी, हे विचारायचेही मला सुचले नाही. तिने स्वयंपाक हाती घेतला, मला दवाखान्यात नेले-आणले, आणि एके सकाळी टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला, माझ्या खुर्चीत बसून दीनाचा धडा घेऊ लागली. मी पलंगावरून ऐकत होते. मला बरे वाटले, हेही खरे.

नाताळच्या करंज्या भरत असताना फोन आला. हॉस्टेलच्या वॉर्डनबाई होत्या. "तुमच्या मुलीची ट्रंक इथंच आहे. खोली दुसऱ्या मुलीला द्यायचीय. केव्हा नेताय?"

मी म्हणाले, "सुट्टी संपली की ती येईलच की."

त्या म्हणाल्या, "ताई, तिनं कोर्स सोडलाय. तुम्हाला माहीत नाही?"

मी हात धुतले आणि बाहेर आले. क्षिप्रा आणि सुभाष दोघेही समोर होते. विचारले तेव्हा क्षिप्रा करंजीत सारण भरत राहिली. सुभाष म्हणाले, "मीच म्हणालो तिला. पोरांचं कसं होणार, चारू? तू उभं केलेलं सगळं मोडून पडेल. तिला तुझी पद्धत माहीत आहे." सुनयनाताईही फराळाला मदत करायला आलेल्या होत्या. ज्या बाईंनी ही पद्धत जन्मात मानली नाही, त्या म्हणाल्या, "घरात एवढी मोठी मुलगी असताना चिंता कसली? तीच शिकवील धाकट्यांना. मुलीच्या जातीला तेवढं करावंच लागतं."

मी क्षिप्राला म्हणाले, "तू बोल."

तिने तोंड उघडले. "म-म-मम्मी, मी..." आणि ती अडली. बारा वर्षांनी. हातात सारणाचा चमचा तसाच. शेवटी दीना म्हणाली, "ताई, तुझं वाक्य मी म्हणू का? ती रोज धड्यातपण अडते, मग मीच पूर्ण करते."

पलंगावरून मला ते ऐकू आले नव्हते. त्या दिवशी करंज्या अर्ध्याच झाल्या.

८. मी क्षिप्राला वर्गातून उचलून आणले ते तिला मोकळे बोलता यावे म्हणून. तेच टेबल आता तिची वाचा बांधत असेल, तर ते टेबल बंद झाले पाहिजे. म्हणून स्पष्ट लिहिते: माझ्या मृत्यूनंतर घरची शाळा चालवू नये. क्षिप्राने माझ्या खुर्चीत बसू नये. 'चारुलताची इच्छा होती' असे म्हणून कोणी तिला तेथे बसवू नये. माझी इच्छा याच्या नेमकी उलट आहे. अज्ञान (अल्पवयीन) मुलांचे पालक त्यांचे वडील असल्याने हे कलम कायद्याने बांधणारे नाही, असे वकिलांनी सांगितले. सुभाष, म्हणून हे तुझ्या माणुसकीवर सोपवते.

९. यातील काही गोष्टी मी स्वतः उरकल्या आहेत. स्वानंद दहावीची परीक्षा मुक्त विद्यालयातून देईल, त्याची तयारी झालेली आहे. पुढे त्याने कॉलेजात जावे. दीनाला मी जानेवारीत नेरूळमधल्या एका शाळेत घेऊन गेले. डोक्याला स्कार्फ, हातात काठी. रिक्षावाल्याने आम्हाला दवाखान्यात जायचे आहे असे धरले होते. मुख्याध्यापिकांनी दीनाला विचारले, "कितवीत आहेस?" दीना गोंधळली. म्हणाली, "आमच्याकडे कितवी नसते. आम्ही कुठल्या पानावर आहोत ते असतं." बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला एक पुस्तक दिले व तिने ते धडाधड वाचले. जूनपासून तिला पाचवीत घेतील. परत येताना दीनाने विचारले, "तिथं उभं करतात का?" मी म्हणाले, "केलं तर पप्पांना सांग. त्याच दिवशी." सुभाष, हे तुझे काम आहे. पाळी असली तरी.

१०. क्षिप्राच्या प्राचार्यांशी मी फोनवर बोलले. बुडालेल्या ड्यूट्या भरून देण्याच्या अटीवर त्यांनी तिला परत घेतले. क्षिप्रा मात्र तयार होईना. नाताळ झाला, नवे वर्ष लागले, ती रोज नवे कारण काढी. शेवटी एका दुपारी माझे केस गेलेले डोके तेलाने चोळताना तिने खरे सांगितले. अडखळत, पण पूर्ण.

"मी गेले, आणि तू... तेव्हा मी इथं नसले तर?"

मी म्हणाले, "तर नसशील."

"असं कसं म्हणतेस, मम्मी?"

"तू इथं बसून माझी वाट बघतेस. मला ते बघवत नाही."

ती माझ्या डोक्यावर हात ठेवून रडली. पुढच्या रविवारी उपासनेनंतर हरेश तिला मिरजेला सोडून आला. दारात तिने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर मी तिला थांबवले असते. म्हणून बरे झाले. सुभाष त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मात्र म्हणाले, "तू केलंस ते बरोबर असेल, चारू. पण घर फार रिकामं वाटतं." मला तर ते भिंतींसकट रिकामे वाटते. ती रोज फोन करते, वॉर्डातले सांगते. परवा एका म्हाताऱ्या रुग्णाबद्दल बोलताना ती बराच वेळ कुठेच अडली नाही. फोन ठेवल्यावर मी उशीत तोंड घातले.

११. सणांविषयी. नाताळची चांदणी लावावी. फराळ विकत आणला तरी चालेल. आगमनकाळाच्या मेणबत्त्या दीनाने लावाव्यात. गुड फ्रायडेचा उपास सुभाष यांनी करू नये, त्यांना साखरेचा त्रास आहे. प्रभू समजून घेईल. माझी खुर्ची सणाला रिकामी ठेवून तिच्याकडे बघत बसू नये. ती कल्पेश म्हात्रे यांच्या दुकानात द्यावी, त्यांना गिऱ्हाइकांसाठी हवी आहे.

१२. माझ्या अंत्यविधीविषयी. क्षिप्राची परीक्षा चालू असेल तर पेपर संपेपर्यंत तिला कळवू नये, असे मी या कलमात प्रथम लिहिले होते. सुभाष यांनी वाचले आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "आईला माती द्यायलाही बोलवायचं नाही? हे मी करणार नाही. मेल्यावर तू मला रागव, पण हे करणार नाही." लग्नाला इतकी वर्षे झाली, त्यांना रडताना मी प्रथमच पाहिले. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. कलम बदलून असे लिहिते:

क्षिप्राला लगेच कळवावे. ती येईपर्यंत पेटी बंद करू नये. पहिली मूठ माती तिने द्यावी. त्यानंतर त्याच दिवशी हरेशने तिला मिरजेच्या गाडीत बसवून स्वतः सोबत जावे. दीनाची वेणी घालायला, आलेल्या माणसांना चहा द्यायला, पप्पांना सोबत म्हणून, कोणत्याही कारणाने तिला ठेवून घेऊ नये. ती म्हणेल, मी थोडे दिवस थांबते. तिचे ऐकू नये.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. तो माझाच आहे. त्याखाली मी सही करते.

(सही) चारुलता सुभाष हिवाळे

आमच्या समक्ष लिहून देणारीने पूर्ण शुद्धीत सही केली व तिच्या समक्ष आम्ही सह्या केल्या. या मृत्युपत्राने आम्हा दोघांना काहीही मिळत नाही; कलम ११ मधील खुर्ची लिहून देणारीने आजच, हयातीत, म्हात्रे यांच्या दुकानात पोचती केली आहे.

साक्षीदार १. (सही) डॉ. अर्पिता ठोसर, नेरूळ
साक्षीदार २. (सही) कल्पेश म्हात्रे, नेरूळ

ठिकाण : नेरूळ, नवी मुंबई
दिनांक : १५ फेब्रुवारी २०२५