जोडलेली पानं

३ ऑक्टोबर, गुरुवार

माफ कर. अकरा दिवस तुला उघडलंच नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज आहे.

नीना, माझी सून, ऑफिसच्या कामासाठी सांता क्लाराला गेली आहे. ती जुनी अमेरिकन मासिकं जमवते — सव्वादोनशे वर्षांपूर्वीची! पेट्यांत जपून ठेवते. मला बघू देते. "बाबा, तुम्ही बाइंडर. तुमच्या हाताला कळतं," म्हणते. अमेरिकेतल्या या घरात मला कामाचा समजते ती तीच.

आज तिच्या खोलीत धूळ पुसत होतो. १७९० सालचा एक अंक, निळं कव्हर, फिलाडेल्फियाचा. आतली पानं वरच्या घडीला जोडलेली! एकही सोडवलेलं नाही. आमच्या सांगलीच्या छापखान्यात असं एक पान राहिलं तरी गिऱ्हाईक पुस्तक तोंडावर फेकायचं. चाळीस वर्षांची सवय. लोणी लावायची सुरी आणली, सगळी पानं सफाईनं कापून सोडवली. वाटलं, पोर खूश होईल.

४ ऑक्टोबर

मुलाला, सिद्धेशला, दाखवलं. पोरानं कपाळावर हात मारला. "बाबा! अनकट कॉपी होती ती! नीना सहा वर्षं शोधत होती. अशी न कापलेली मिळतच नाही कुठे."

खळ लावून परत जोडू का, विचारलं.

"प्लीज! आता कशालाच हात लावू नका. डिशवॉशरलासुद्धा. आणि तिला तुम्हीच सांगा, मी मध्ये पडणार नाही."

जेवलो नाही.

५ ऑक्टोबर

फोटो काढून नीनाला पाठवला. खाली लिहिलं — मी पानं कापली. मला माहीत नव्हतं. दोन निळ्या खुणा आल्या.

दुपारी सिद्धेश आपणहून शेजारी बसला. "आता कापलीच आहेत तर बघू तरी, आत काय होतं." माझं इंग्रजी कुठलं, सातवी शिकलेला मी! त्यानं वाचून मराठीत सांगितलं. कुणा वाचकाचं पत्र. पुस्तकांना कसर लागली आहे, किडे पानं खातात, कुणाला उपाय ठाऊक असेल तर लवकर कळवावा. या अंकातलं ते पत्र आजवर कुणी वाचलंच नव्हतं!

मी म्हटलं, वेखंड. पुरचुंडी करून कपाटात ठेवायची, बस.

सिद्धेश हसला. "सांगा त्याला!" पत्र आणि माझं वेखंड, दोन्ही त्यानं नीनाला कळवलं.

६ ऑक्टोबर

उत्तर नाही. नीना उद्या येणार. माझं परतीचं तिकीट जानेवारीचं आहे, पण बॅग खाली काढून ठेवली. न जाणो.

७ ऑक्टोबर, सोमवार

नीनाचा मेसेज, विमानतळावरून. जसाच्या तसा उतरवतो.

"बाबा, खूप रडले. राग अजून गेलेला नाही. पण तो माणूस १७९० पासून वाट बघतोय, आणि खालच्या दोन पेट्यांत मलाही कसर दिसली आहे. वेखंड किती ठेवायचं? पुरचुंडी कसल्या कापडाची? येताना दुकानात थांबते. लवकर कळवा."