बिनकामाचं हिंडणं

आई, काल मी एकटीने सिनेमा पाहिला. एक तरुण पोरगी गावोगाव हिंडते. ढाब्यावर भांडी घासते, बसस्टँडवर झोपते, कंटाळा आला की पुढे निघते. तिला घरी कोणी छळलेलं नाही, ती कोणाच्या प्रेमातही पडलेली नाही. शेवटी तिची बस चुकते आणि ती रस्त्याने सरळ चालायला लागते. दिवे लागले तसा मागचा माणूस म्हणाला, "अरे, पर गई कहाँ?" मला असा राग आला की मी वळून म्हटलं, "आपको क्या करना है, भैया?" तो बिचारा ओशाळला.

खरं तर राग तुझ्यावर होता. बाईने घराबाहेर पडायचं तर काम हवं, आणि काम नसेल तर निदान हातात पिशवी हवी, हे तूच शिकवलंस. तू स्वतः रोज संध्याकाळी कोथिंबिरीच्या नावाखाली निघायचीस, बुढा तलावाच्या काठाकाठाने मनसोक्त फिरायचीस आणि कोथिंबीर घ्यायचीस आपल्याच गल्लीच्या तोंडाशी. बाबांनी उशिराचं कारण विचारलं की म्हणायचीस, "ताजी नोती." मी कॉलेजात असताना एकदा रिकाम्या हाताने तलावाकाठी जाऊन बसले. शेजारच्या काकांनी लगेच घरी येऊन सांगितलं, "तुमची पोट्टी तिथं एकटीच बसून हाय, काम ना धंदा." काकांनी मला पाहिलं होतं, म्हणून मी भांडायच्या तयारीनेच परतले. तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पिशवी काहून नाही नेली वं?" जाण्याबद्दल तुझी तक्रारच नव्हती. दुसऱ्या दिवशी जुन्या साडीची एक पिशवी शिवून माझ्या हातात दिलीस. "हे घे. मंग कोणी इचारत नाही."

मी ती कधीच वापरली नाही. हिंडण्यात वाईट काही नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं, तरी जन्मभर चोरासारखी हिंडलीस आणि मलाही तेच शिकवायला निघालीस. हे मला अजून पटत नाही, आणि पटवून घ्यायचंही नाही.

आज सकाळी तुझ्या धाकट्याला सांगितलं, मी जगदलपूरला चालले आहे. इथल्या सवयीने तो हिंदीतच म्हणाला, "वहाँ कौन है, दीदी?" कोणी नाही. "फिर काम क्या है?" काही नाही. त्याने थोडा विचार केला आणि शोभला तुझाच मुलगा. म्हणाला, "ठीक है, कोई पूछे तो ऑफिस का काम बोल देंगे." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काही नाही बोलायचं. हिंडायले गेली म्हणून सांग. कवा येईन ते मलेच माहीत नाही." मी कपडे भरायला घेतले.

आता निघायच्या आधी हे लिहून राहिले आहे, कारण एक गोष्ट उरते. संध्याकाळी तू चपला घालायला लागलीस की मीही रोज विचारायची, कुठं चालली? मला चौकशी करायची नसायची, तुझ्यासोबत यायचं असायचं. तू एकदाही नेलं नाहीस. मी स्वातंत्र्याच्या एवढ्या गोष्टी केल्या खऱ्या, पण माझा सगळ्यात जुना राग तोच आहे.