बांधावरचा म्हातारा आणि तुमची बहीण

पांडेसरा, सुरत
आखाजी उलटून गेल्यावर (किती उलटून, ते तुम्हाला ठाऊक आहे)

राजश्री सुकदेवभाऊ यांना भिकनचा रामराम. (दरवेळी 'राजमान्य राजश्री' लिहितो. या वेळी 'राजमान्य' मुद्दाम गाळलं आहे, शाई संपली म्हणून नव्हे.) सासूबाईंच्या गुडघ्याला आता उतार असेल. त्यांना माझा नमस्कार सांगा, त्यांच्यावर माझा राग नाही. काळ्या गाईला कालवड झाली की गोऱ्हा, तेही कळवा, कारण गाईने माझं काही बिघडवलेलं नाही. तुमची प्रकृती कशी आहे हे विचारत नाही. ती ठणठणीतच असणार. दुसऱ्याच्या घरातली चूल विझवून जो आपल्या ओट्यावर पाय पसरून बसतो, त्याला साधं पडसंही होत नाही.

रीत काय आहे ते विसरला असाल तर आठवण करून देतो. आखाजीला, म्हणजे कॅलेंडरातल्या अक्षय्य तृतीयेला, भाऊ मुऱ्हाळी होऊन येतो, बहिणीला माहेरी नेतो, ती झोक्यावर बसते, गाणी म्हणते, सांजोऱ्या खाते, आणि सण झाला की ज्याने नेलं त्यानेच तिला सासरी आणून सोडायचं. तुमच्या गावात म्हणे उलटं आहे, नवऱ्याने न्यायला यावं लागतं. हे तुम्ही आता निरोप पाठवून कळवता? लग्नात तुमच्या गावाने मानपानाचे एवढे नियम ऐकवले की आमचे तात्या मांडवातच घामाघूम झाले होते. त्यात हा एक नियम बसला नसता का? मी न्यायला येणार नाही. नेलंत तुम्ही, आणायचंही तुम्ही. हा या पत्राचा मुख्य मुद्दा आहे, पुढचं सगळं केवळ माहितीसाठी.

भांडण झालं तेव्हा तुम्ही आमच्या घरातच होता, हे मला मान्य आहे. पण तुमचं सगळं लक्ष शेवभाजीत होतं (ती मी केली होती, तिने नव्हे, तेही गावात सांगा), त्यामुळे तुम्ही फक्त शेवटची दोन वाक्यं ऐकलीत आणि तेवढ्यावर न्याय करून मोकळे झालात. मागचं रामायण तुम्हाला ठाऊक नाही. ते असं. आमच्या गल्लीला हसमुखभाईने केबल दिली. त्यांच्या गच्चीवर डिश आहे, तिथून वायरी घरोघर येतात. त्यात इंग्रजीसाठी एकच चॅनल ठेवला आहे. आता अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या दोन जुन्या सिरियली आहेत, दोन वेगळ्या परदेशी चॅनलवर, आणि दोन्ही रविवारी संध्याकाळी एकाच वेळी लागतात. म्हणजे हसमुखभाई एक देतील तर दुसरी बुडणार, आणि कधी ही तर कधी ती, असं त्यांच्या लहरीवर चालायचं. इंग्रजी आमच्या गल्लीत मोठ्यांपैकी कोणालाच येत नाही, पण शेती आणि गुरं म्हटल्यावर खानदेशच्या माणसाला भाषा कशाला लागते? कोणाचा बैल कोणाच्या शेतात शिरला ते चेहऱ्यावरून कळतं.

पहिली सिरियल माझी. त्यात एक म्हातारा आहे, त्याला चार मुलगे, आणि नजर पोचेल तिथपर्यंत जमीन. घरात बाई नाही. चौघेही घोडनवरे, कोणाचं लग्न जमत नाही आणि जमवायची घाईही दिसत नाही. गुरं एवढी की मोजता येत नाहीत, तरी सकाळी उठून सगळे कोरा चहा पितात (दूध कोण काढतं आणि कुठे जातं, हे मला शेवटपर्यंत कळलेलं नाही). पण शिस्त बघावी ती त्या घरात. म्हाताऱ्याने भुवई उचलली की चारही मुलगे घोड्यावर. वाटेहिश्शाची भाषा नाही, चुलीवरून तंटा नाही, कोणी कोणाला टोमणा मारत नाही. आणि दर भागाच्या शेवटी म्हातारा एकटा टेकडी चढतो, तिथे बांधावर उभा रोवलेला दगड आहे, त्याच्यासमोर टोपी काढतो, मान खाली घालतो आणि काहीतरी पुटपुटतो. मी गल्लीतल्या सगळ्यांना तो दगड दाखवून सांगत आलो, की बघा, बांधाच्या खुणेला जो देव मानतो त्याचीच जमीन टिकते. मागे तुमचा चुलतभाऊ बांध कोरत होता, तेव्हा तुम्हालाही मी हाच दाखला लिहिला होता, आणि तुम्ही बांधाच्या दगडाला नारळ फोडून शेंदूर लावलात. गुण आला की नाही, ते मात्र कळवलं नाहीत.

दुसरी सिरियल तुमच्या बहिणीची. त्यात एक विधवा बाई आहे. नवरा पहिल्या भागाच्याही आधी वारलेला, भिंतीवर त्याचा फोटो. ही बाई घोड्यावर बसते, बंदूक चालवते, बाजारात गुरांचा भाव ठरवते, आणि तिचा दीर (चांगला मिशीवाला, दांडगा माणूस) फाटक उघडण्यापलीकडे काही करताना दिसत नाही. कर्ते मुलगेसुद्धा बाहेर जाताना आईला विचारून जातात. ती कधी रडत नाही. ती ज्या कपात पिते तो कप कोण धुतं, हेही दाखवत नाहीत. मी उषाला पुष्कळ समजावलं, की हे घर टिकणार नाही, दीर एक दिवस वाटा मागणार. ती पडद्याकडे बघत हातातली मेथी निवडत राहिली आणि त्या बाईने बंदूक खाली ठेवली तेव्हाच काय तो श्वास सोडला. गल्लीतल्या सगळ्या बायका त्या विधवेच्या बाजूच्या आणि सगळे पुरुष म्हाताऱ्याच्या. जिथे नळावरून कधी भांडण झालं नव्हतं, तिथे नवराबायको दोन पार्ट्यांत वाटले गेले.

आता तुमच्या बहिणीचं राजकारण ऐका. आम्ही पुरुष 'हसमुखभाईला सांगू, सांगू' म्हणत पानाच्या गादीवर उभे, आणि हिने शेजारच्या मालतीबाईंना सोबत घेऊन खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, आणि त्या थेट हसमुखभाईच्या आईला नेऊन दिल्या. त्या माउलीने पहिला घास घेतला आणि त्या रविवारपासून विधवा सुरू, म्हातारा बंद. आता तुम्हीच सांगा, हा न्याय आहे का? पुरणपोळीवर जर चॅनल ठरायला लागले तर पुरुषांनी काय करायचं? मी जे केलं ते यातून केलं. मी गच्चीवर गेलो. माझा साधा हिशोब होता, की डिश थोडी वळवली की एक बाजूने म्हातारा येत असणार. मी ती वळवली. अंदाज चुकला, तिचं तोंड कामरेजच्या दिशेला गेलं, आणि कामरेजहून काहीही येत नाही. सगळ्या वस्तीचे टीव्ही मुंग्यांनी भरले. हसमुखभाईच्या आईची कथा चालू होती, ऐन आरतीच्या वेळी पडदा गेला. लोक गच्चीवर आले तेव्हा माझे दोन्ही हात डिशवर होते, त्यामुळे बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. माझ्या घराची वायर हसमुखभाईने तिथल्या तिथे कापली. रंगखात्यातला मास्तर म्हणून मिलमध्ये मला लोक नमस्कार करतात, इथे त्यांच्याच पोरांनी मला टाळ्या वाजवून खाली उतरवलं.

आणि तुम्ही तेव्हाच दारात येऊन ठाकलात, मुऱ्हाळी म्हणून, हातात पिशवी. याला मुहूर्त म्हणतात का? एक दिवस मागेपुढे आला असतात तर ती रुसवा विसरून गेली असती आणि सणानंतर आपणहून परतली असती. पण तुम्ही जेवायला बसलात, ती पिशवी भरत होती, आणि माझा राग अजून उतरला नव्हता. मी म्हणालो, "माझ्या सिरियलमध्ये घरात बाई नाही, तरी घर कसं नीट चालतं बघ." हे मी म्हणालो, नाकारत नाही. पण तिने काय उत्तर दिलं ते तुम्ही गावात सांगितलं का? हातातली साडी घडी करता करता, आवाजसुद्धा न चढवता ती म्हणाली, "मन्ही सिरियलमा दादला मरी जायेल शे, तरी घर चालस." जित्या नवऱ्यासमोर, भावाच्या देखत! आणि वर उंबऱ्यातून वळून म्हणाली, "आते तुम्ही ऱ्हाई दखा." राहून बघा म्हणे, बाईशिवाय! तुम्ही ताट उचललंत, हात धुतलेत, आणि तिची पिशवी उचलून निघालात. मला एक शब्द समजुतीचा बोलला नाहीत. मी रागावलो आहे तो यावरच.

इथलं विचाराल तर उत्तम चाललं आहे. मिलमधून येतो तेव्हा घरात शांतता असते, ती मला आवडते. भाकरी येत नाही म्हणून पाव खातो. तुमची भाची दिपाली कॉलेजची परीक्षा आहे असं सांगते आणि मालतीबाईंकडे जेवते (मालतीबाई यंदा माहेरी गेल्या नाहीत, त्यांच्या घरून जेवणाच्या वेळी फोडणीचा वास येतो, मी खिडकी लावून घेतो). तुळशीला पाणी मी घालतो, पण ती सुकली आहे. तिलाही तुमच्या गावची हवा लागलेली दिसते. दिपाली माझ्याशी हल्ली गुजरातीतच बोलते, म्हणजे भांडायला सोपं जातं. "पप्पा, तमे जाते ज लई आवो ने," म्हणते. म्हणजे तुम्हीच जाऊन घेऊन या! मुलीने बापाला रीत शिकवायची, हे त्या विधवेच्या सिरियलमधूनच घरात शिरलं आहे.

तेव्हा शेवटचं सांगतो. उषाला घेऊन तुम्ही या, भुसावळहून येणाऱ्या कुठल्याही गाडीने या, उधन्याला उतरा, मी स्टेशनवर येणार नाही पण घरी असेन. नाही आलात तर आपला संबंध संपला असं समजा. कळावे, राग आहे तो आहे.

आपला (कागदावर तरी),
भिकन

ता.क. १. एक गोष्ट लिहायची राहिली. बायका आखाजीला माहेरी गेल्यावर एकट्या मालतीबाईंनी खापर काही मांडलं नाही, हसमुखभाईकडे पुरणपोळी गेली नाही, म्हणून म्हातारा पुन्हा सुरू झाला. आम्ही सगळे एकटे पुरुष गल्लीतल्याच मारुती नावाच्या शेजाऱ्याच्या घरी जमलो. शेवटी म्हातारा टेकडी चढला, टोपी काढली, आणि मी सवयीने बोललो, "बघा, बांध." दिपाली किल्ली मागायला दारात आली होती. या वेळी दगडावरची अक्षरं जवळून दाखवली. तिने ती वाचली आणि म्हणाली, "पप्पा, हा बांध नाय. ए तो एनी वहुनी कबर छे." बायकोची, सुकदेवभाऊ. तो दर आठवड्याला बायकोकडे जात होता. मी विचारलं, पुटपुटतो काय? ती म्हणाली, पोरं मोठी झाली, जमीन वाढली, पण तू गेल्यापासून या घरात कोणाला घरी आल्यासारखं वाटत नाही, असं म्हणतोय. मारुतीने टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी मारुती शिंदखेड्याला बी-बियाणं आणायला म्हणून गेला. त्याला शेत नाही, सासुरवाडी मात्र तिथेच आहे. त्याच्यामागून एकेक करून सगळे गेले. गल्लीत मी एकटा शब्दाचा पक्का राहिलो आहे.

ता.क. २. बांधाच्या दगडाला नारळ फोडणं बंद करा.

ता.क. ३. हसमुखभाईची माफी मागितली. त्यांच्या आईसाठी मी स्वतः पुरणपोळी करायला गेलो, ती खापराला चिकटली, तरी त्यांनी वायर जोडली, बहुधा दयेने. यापुढे एक रविवार म्हातारा, एक रविवार विधवा असं ठरवून आलो आहे. पहिला रविवार विधवेचा, तो कालच झाला. उषाला एवढं सांगा, की तिच्या सिरियलमध्ये अजून काहीही बिघडलेलं नाही, दिराने वाटा मागितला नाही. मालतीबाईंना विचारून खात्री केली आहे. आणि हेही सांगा, की दोन्ही सिरियली पाहून माझं असं मत झालं आहे, की त्या दोन्ही घरांत एकेक माणूस कमी आहे, आणि दोन्ही घरं त्यामुळे रडतात, फक्त इंग्रजीत रडतात म्हणून आपल्याला कळत नव्हतं.

ता.क. ४. टपालाला उशीर लागतो, म्हणून हे पत्र मीच घेऊन निघालो आहे. मिलला सुट्टी टाकली आहे. तेव्हा हे तुमच्या हातात आहे याचा अर्थ मी तुमच्या ओट्यावर बसलो आहे आणि वहिनींनी दिलेलं पाणी पितो आहे. आता एकच करा. 'मीच पत्र टाकून दाजींना बोलावलं' असं घरात सगळ्यांना सांगा, आणि तिला आतून हाक मारा. मला मारवत नाही.