पाण्याकाठची जागा

५ जानेवारी
बाहेर गुडघाभर बर्फ. मका विकून झाला, गाईंना चारा टाकून झाला, म्हणजे संकल्प करायला मी मोकळा.

अर्डिसचा गुडघा बदलून दोन महिने होत आले. डॉक्टर म्हणतो, पाण्यात चाला, त्यासारखं औषध नाही. आमच्या गावात पोहायचा तलाव नाही आणि बाथटबमध्ये चालता येत नाही. तेव्हा सकाळी कॉफी घेताना मी बायकोला शब्द दिला. या उन्हाळ्यात कॅम्पर, म्हणजे आमचं चाकांवरचं छोटं घर, बाहेर काढायचा, ट्रकला जोडायचा आणि विंटरमन धरणावर जायचं. जागा घ्यायची ती अगदी पाण्याकाठची. तू दारातून पाय खाली टाकशील तो थेट पाण्यात, असं म्हणालो.

अर्डिस म्हणाली, वेंडेल, हे तू गुडघा दुखायला लागल्यापासून म्हणतोयस, आता तर तो गुडघाही राहिला नाही.

तिला कोण समजावणार? पाणी बोर्डावर निवडून आल्यापासून माझा वेळ माझा राहिलेला नाही. धरणातलं पाणी पाटात किती सोडायचं हे आम्ही पाच जण ठरवतो, थट्टा नाही. यंदा मुदत संपतेय, पण निवडणुकीची चिंता नाही. माझ्यासमोर उभं राहील असं गाढव अख्ख्या काउंटीत नाही.

संकल्प एकच: ट्रिपची सगळी आखणी मी करणार. डुएनला विचारायचं नाही. डुएन म्हणजे अर्डिसचा भाऊ. त्याच्याकडे नवा कॅम्पर आहे, बोट आहे आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे.

१ फेब्रुवारी, सकाळी
फत्ते. जागांचं बुकिंग आठला उघडतं. मी साडेसातपासून कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून होतो. ऐन वेळी त्याने माझा पासवर्ड नाकारला. अर्डिसने तिचा घातला, नाव तिचं टाकलं, जागाही तिनेच शोधली, पण शेवटचं बटण दाबणारं बोट माझं होतं.

पहिली रांग, अगदी टोकाची जागा, तिन्ही बाजूंना पाणी. तारीख ऑगस्टचा तिसरा आठवडा. मुद्दामच. तोवर पाटाचं पाणी सोडून झालेलं असतं, मका भिजून झालेला असतो, मी मोकळा.

डुएनला त्याच आठवड्यात तिसऱ्या रांगेत वर टेकाडावर जागा मिळाली. फोनवर म्हणाला, झाडं आहेत, सावली आहे, मला तीच हवी होती. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. मी त्याला आमच्याकडे पाय भिजवायला यायचं आमंत्रण दिलं.

२३ मार्च
शेडमागून कॅम्पर काढला. आत उंदरांनी संसार थाटला होता. गादीत तीन पिढ्या नांदत होत्या.

हिवाळ्याआधी कॅम्परच्या नळ्यांत एक गुलाबी द्रव ओतायचा असतो, नाहीतर आतलं पाणी गोठून नळ्या फुटतात. मी तो ओतल्याचं मला पक्कं आठवतं. कोणत्या वर्षी ते आठवत नाही. आज पाणी जोडून पाहिलं तर नळ सोडून बाकी सगळीकडून आलं. पलंगाखालून आलं, कपाटातून आलं, दिव्यातूनही थोडं आलं.

अर्डिस दारात काठीवर रेलून उभी होती. म्हणाली, काउंटीभरचं पाणी सांभाळतोस म्हणे.

डुएन येऊन नव्या नळ्या घालून गेला. त्याला मी बोलावलं नव्हतं, अर्डिसने बोलावलं. त्यामुळे संकल्प मोडला असं धरता येत नाही.

१९ एप्रिल
कॅम्पर उलटा घेण्याचा सराव. धरणावरच्या जागेत गाडी मागे घेतच शिरावं लागतं आणि आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून, बिअर उघडून तेच बघत बसतात. दुसरी करमणूक नसते बिचाऱ्यांना. तेव्हा एका दमात घ्यायचा असं ठरवलंय.

नाचता येईना अंगण वाकडं असं लोक म्हणतात, पण आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे. शिवाय अर्डिस मागे उभी राहून खुणा करत होती, तिच्या एका हातात काठी. हात उजवीकडे म्हणाला, काठी डावीकडे. मी काठीचं ऐकलं. पत्रपेटी गेली. पेटी जुनीच होती.

आता नवी बसेपर्यंत आमची पत्रं शेजारच्या शेतावर टाकतात. अर्डिस रोज चालत जाऊन आणते. मी आणली असती, पण तिने विचारलं नाही.

१४ मे
बोर्डाची बैठक. आमचा मॅनेजर हातभर चेहरा लांब करून आला होता. डोंगरात यंदा बर्फ कमी पडलाय, धरण पुरतं भरणार नाही, हात राखून पाणी सोडा, असं म्हणाला. हा माणूस दरवर्षी रडतो. मी म्हणालो, जूनमध्ये बघू. सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी येताना कॅम्परसाठी नवं पायपुसणं घेतलं. त्यावर लिहिलंय, ‘पाण्याकाठी सुखी जीव’. अर्डिसला आवडलं असावं.

२७ जून
महिनाभर थेंब नाही. गरम वारा सुटलाय. मक्याची पानं दुपारी सुरळी करून उभी असतात, ते बघवत नाही. आज बोर्डात मतदान झालं: शेतकऱ्यांना पाणी वाढवून द्यायचं की नाही. दोघं हो, दोघं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मी उभा राहिलो. म्हणालो, मित्रहो, धरण बघत बसायला बांधलं नाही, ते रिकामं करायलाच बांधलंय. मागच्या बाकावरच्या शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने टोपी काढली. तीन विरुद्ध दोन, ठराव पास.

घरी येऊन भाषण अर्डिसला पुन्हा म्हणून दाखवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, आणि धरणाच्या तळ्याचं काय?

मी म्हणालो, तळं काय उठून जाणार आहे का?

ती वाटाणे सोलायला लागली.

४ जुलै
स्वातंत्र्यदिन. गावजेवण, बँड, फटाके. शेतकरी येऊन येऊन हात मिळवत होते. पेपरात माझा फोटो आलाय, वर मथळा: ‘वेंडेल यांच्या मताने पाण्याचे दरवाजे उघडले’. अर्डिसने तो कापून फ्रिजवर लावला. इतक्या वर्षांच्या संसारात माझा फोटो फ्रिजवर प्रथमच. आज मी चार वेळा दूध काढायला फ्रिजकडे गेलो.

डुएन मक्याचं कणीस खात खात जवळ आला आणि म्हणाला, दाजी, जागेची अदलाबदल करतोस का? माझी वरची घे, तुझी टोकाची दे. अर्डिसचं ऐकशील तर घे.

मी साफ नाही म्हणालो. पाणी दिसलं की माणसाचे खरे रंग दिसतात. तो हसतच सुटला, कणसाचे दाणे माझ्या शर्टावर उडाले.

१६ जुलै
अर्डिसने शेतीच्या दुकानातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले. दोन जोड, एक तिच्या मापाचा, एक माझ्या. कॅम्परमध्ये ठेव, म्हणाली. मी पोट धरून हसलो. पोहायला जाताना बूट कोण नेतं? ती म्हणाली, असू देत, खायला मागत नाहीत.

म्हातारपणी बायका अशा विसराळू होतात. समजून घ्यायला हवं.

२ ऑगस्ट
मका! माझ्या डोक्यावर हातभर गेलाय. पाट तुडुंब वाहतोय. शेताच्या कडेला उभा राहिलो आणि ऊर भरून आला.

अर्डिसचं चालणं मात्र अती चाललंय. रोज सकाळी काठी घेऊन मक्याच्या कडेने पार टोकापर्यंत जाते आणि परत येते. पेरलेल्या रानातून, ढेकळांतून. मी म्हणालो, अगं, कशाला जिवाला त्रास? कॅम्परपासून पाणी दहा पावलांवर आहे. ती म्हणाली, सवय असलेली बरी.

आणखी एक बातमी: डुएन बोट नेणार नाही. मोडली असणार. आतून बरं वाटलं, पण फोनवर हळहळलो.

१७ ऑगस्ट, धरणावर
निघालो. वाटेत दोनच भांडणं. वेळेत पोचलो.

फाटकावर लव्हॉन नावाच्या बाई भेटल्या. उन्हाळाभर इथेच राहून जागांची व्यवस्था बघतात. त्यांनी कागद बघितला, मग आम्हाला बघितलं. म्हणाल्या, टोकाची का? पाण्याकाठची? हो, पाटी तर अजून तीच आहे.

मला बोलण्याचा रोख कळला नाही. कॅम्पर उलटा घेण्यात मी गुंतलो होतो. एका दमात जमलं नाही, सहा दम लागले. खुर्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरलो, ऐटीत दार उघडलं, पायपुसणं टाकलं आणि अर्डिसला म्हणालो, हे बघ तुझं पाणी.

पाणी नव्हतं.

चिखल होता. भेगा पडलेला, करडा, नजर जाईल तिथवर. बोटी उतरवायचा काँक्रीटचा उतार मध्येच संपला होता. पार तिकडे एक चकाकती रेघ होती आणि तिच्या काठावर बगळा उभा होता. तो उभाच होता, म्हणजे तिथेही खोल नसणार.

मी म्हणालो, बाष्पीभवन. यंदा ऊनच तसं आहे.

अर्डिसने आत जाऊन सामान लावलं. कॅम्परचा छोटा फ्रिज उघडायला गेलो तर पेपरातला माझा फोटो त्यावर लावलेला. घरून आणला होता. मी पटकन काढून खिशात घातला. आपलं कौतुक घरच्या घरी असावं.

संध्याकाळी सगळे शेकोटीभोवती जमले. लिंकन शहरातून आलेला एक जाडजूड गृहस्थ पोरांसाठी मोठी रबरी होडी घेऊन आला होता. पोरं होडीत बसली होती, होडी गवतावर. तो विचारत होता, एवढं पाणी ढोसलं कुणी?

डुएन म्हणाला, इथे एक पाणी बोर्ड आहे म्हणतात. तीन विरुद्ध दोन ठराव झाला. तिसरा कोण ते शोधायला हवं.

मी म्हणालो, काही लोकांना पुढचं दिसतच नाही.

अर्डिस माझ्या ताटात बटाट्याचं सॅलड वाढत होती. ती बोलली असती तर मी तिथेच संपलो असतो. तिने फक्त विचारलं, अजून घेतोस? मी नको म्हणालो.

१८ ऑगस्ट
सकाळी अर्डिसने पोहायच्या कपड्यांवर रबरी बूट चढवले. दुसरा जोड माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, येतोस?

मी म्हणालो, संडासाच्या टाकीचा पाइप नीट बसलाय का ते बघायचंय. ती बरं म्हणून काठी घेऊन चिखलात उतरली.

पाइप बघितला. नीट होता. मग दुर्बीण काढली. अर्डिस लहान लहान होत चालली होती. मध्ये दोनदा थांबली, गुडघा धरला, पुन्हा निघाली. शेवटी त्या रेघेशी पोचली, बूट काढले आणि आत गेली. कमरेपर्यंत पाणी लागायला आणखी बराच वेळ लागला. मग ती इकडून तिकडे, तिकडून इकडे चालत राहिली, एकटी. बगळा जरा बाजूला सरकला.

मला फार वाईट वाटलं. इथे कुणी वाचणार नाही म्हणून सरळ लिहितो. दारात पाणी देतो म्हणालो होतो, आणि तेच पाणी मी मक्याला पाजलं. दैव देतं आणि कर्म नेतं, ते हेच.

बूट चढवले. माप बरोब्बर होतं. निघालो. अर्ध्या वाटेवर डावा पाय रुतला. तो काढायला गेलो तर उजवा रुतला. मी सगळ्या कॅम्पसमोर गुडघाभर चिखलात उभा, आणि वरून तिसऱ्या रांगेतल्या सावलीतून डुएन ओरडला, दाजी, पेरून घेतलंस का? पाणी सोडू?

खुर्च्यांवरून पुन्हा टाळ्या.

अर्डिस ओल्या केसांनी परत आली. काठीचं एक टोक मला धरायला दिलं, दुसऱ्याने ओढलं. मी निघालो, डावा बूट तिथेच राहिला. ती त्या भेगाळल्या तळाकडे बघत म्हणाली, तळं उठून गेलं बघ, वेंडेल.

रागाने म्हणाली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, वाटाणे सोलत होते तेव्हापासून. मग म्हणाली, पाणी मात्र छान होतं. मका पण छान आलाय. दोन्ही थोडं थोडं जमलं असतं.

परत येताना ती पुढे, मी मागे. काठी माझ्या हातात होती. ती काठीशिवाय चालत होती आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात कॅम्परपाशी आल्यावर आलं.

२५ ऑगस्ट, घरी
एकंदर विचार करता ट्रिप यशस्वी. मुख्य हेतू गुडघ्याचा व्यायाम, तो माझ्या आखणीमुळे अपेक्षेपेक्षा जास्त झाला. पाणी काठाशी असतं तर ती एवढी चाललीच नसती. डॉक्टरसुद्धा खूश झाला. काठी आता दाराशी उभी असते, तिला कुणी हात लावत नाही.

पुढच्या वर्षीचं बुकिंग मीच करणार आहे. कॅम्परच्या नळ्यांत गुलाबी द्रव उद्याच ओततो.

बोर्डाच्या निवडणुकीचे अर्ज भरायची आज शेवटची तारीख. दुपारी माझा अर्ज द्यायला गेलो तर कारकून म्हणाली, यंदा तुमच्या जागेला लढत आहे, सकाळीच एक अर्ज आलाय. मी विचारलं, कोण हे गाढव? तिने कागद माझ्याकडे फिरवला. खाली सूचक म्हणून डुएनची सही होती, वर अर्डिसची.

जमीन दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे कायद्याने तिला उभं राहता येतं. मी नियम तपासले.

घरी आलो तेव्हा ती जेवण वाढत होती. फ्रिजवर माझा फोटो परत लागलाय, शेजारी मॅनेजरने दिलेला धरणाच्या पातळीचा तक्ता. कणसं फार गोड होती.

मत कुणाला द्यायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.